डबा पोराचा, बीपी आईचं

व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांची पावडर, तिचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, याबद्दल जे बरं संशोधन झालंय, ते बहुतेक बीपी वाढू लागलेल्या माणसांवर झालंय. आणि आमच्या बेळगाव-खानापूरकडे ती पावडर विकत घेतात विशी-बाविशीची ठणठणीत पोरं. ज्यांना त्या संशोधनाचा खरा उपयोग, त्या त्यांच्या आया आणि आज्या सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेल्या भातात ताक कालवून जेवतात. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या माहेरच्या घरात मी ती रोज घडताना पाहिली आहे, म्हणून लिहायला बसले.

पोरांना मी दोष देत नाही. अंग कमवायचं वेड आमच्या मातीतच आहे. बेळगाव, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी, कुठंही जा, जुन्या माणसांना तालमीच्या आठवणी निघाल्या की थांबवत नाही. लाल मातीचा हौदा, वस्तादांचा धाक, पहाटेचे जोर-बैठका, आणि त्यानंतरचा खुराक. माझे काका कुस्ती करायचे. त्यांच्यासाठी घरातलं म्हशीचं दूध वेगळं काढून ठेवलेलं असायचं, बदाम रात्री भिजत घातलेले असायचे, तुपाचा डबा आजी स्वतःच्या हाताने उघडायची. घरातल्या बायकांनी त्या दुधाला हात लावायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. आज म्हशीच्या जागी प्लास्टिकचा मोठा काळा डबा आलाय. खडेबाजारात, टिळकवाडीत, आता खानापुरातही दुकानाच्या फळीवर तो दिसतो. किलोभराला दोन-तीन हजार मोजावे लागतात. डबा बदलला, त्याच्यावर हक्क कुणाचा ते मात्र तेच राहिलं.

आता त्या डब्यात असतं काय? दुधात जेवढी प्रथिनं असतात, त्यातली साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दुधाला रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, लावतात, केसीनचा गोळा बसतो आणि वर पिवळसर हिरवट पाणी सुटतं. ते पाणी म्हणजे व्हे. दहा लिटर दुधातून एखादा किलो चीज निघतं आणि नऊएक लिटर पाणी उरतं. युरोप-अमेरिकेतले कारखाने कित्येक वर्षं हे पाणी नदी-नाल्यांत सोडून द्यायचे, डुकरांना पाजायचे, शेतात ओतायचे. नदीत गेलं की ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे मरतात, म्हणून पुढे कायदे कडक झाले. बारीक पडद्यांतून गाळून प्रथिनं वेगळी काढायची आणि फवारून वाळवायची यंत्रं आली, आणि टाकाऊ पाण्याचा महागडा माल झाला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमच्याकडे तिची गल्लत फार होते. उन्हाळ्यात दूध फाटलं की आई ते फडक्यात गाळते आणि खालच्या पाण्यात कणीक मळते. श्रीखंडाचा चक्का टांगला की त्याचंही पाणी ती टाकत नाही, आमटीत घालते. मध्यंतरी मोबाइलवर फिरत आलं, ‘हेच ते व्हे प्रोटीन, फुकटात घरी’. तसं नाही. आपण दूध उकळतो. ७० अंशांच्या वर गेलं की व्हे प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसीनला जाऊन चिकटतात. म्हणून दूध उकळून लिंबू पिळलं की व्हे प्रथिनांचा मोठा भाग पनीरच्या गोळ्यातच अडकतो. खालच्या पाण्यात उरते ती मुख्यतः दुधाची साखर, खनिजं, थोडी जीवनसत्त्वं, आणि प्रथिनं अगदी थोडी. ते पाणी कणकेत घालणं शहाणपणाचंच आहे, पण डब्यातली पावडर आणि ते पाणी एक नव्हे. उलट पनीर, दही आणि आमच्या बेळगावचा कुंदा ज्यापासून होतो तो खवा, यांत व्हे प्रथिनं मुक्कामालाच असतात. खव्यातून तर पाण्याखेरीज काहीच बाहेर जात नाही. घडी उलगडली म्हणून प्रथिनं वाया जात नाहीत, पोटात गेल्यावर त्यांचे तुकडे व्हायचे ते होतातच. कुंद्याची अडचण त्याच्यातल्या साखरेची आहे.

आयुर्वेदात दह्यावरच्या पाण्याला मस्तु म्हणतात आणि ते स्रोतसं, म्हणजे शरीरातले वाहते मार्ग, मोकळी करणारं मानलंय. हे वाचल्यावर मलाही पटकन वाटलं, बघा, आपल्या लोकांना आधीच ठाऊक होतं. पण स्रोतस म्हणजे रोहिणी, हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, नव्हे, आणि मस्तु म्हणजे पावडर नव्हे. एका विचारातलं वाक्य उचलून दुसऱ्याच्या खिशात घातलं की दोन्हींचा अपमान होतो. तेव्हा ते तिथेच आदराने ठेवते.

रक्तवाहिनीचं बोलायचं तर तिच्या आतल्या अस्तराचं बोलावं लागतं. हे अस्तर एका पेशीइतकं पातळ असतं. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. फार वर्षं लोकांची समजूत अशी होती की हे नुसतं अस्तर आहे, रक्त आणि भिंत यांच्यामधला पडदा. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या घेऊन प्रयोग केले. अॅसिटिलकोलिन नावाचं द्रव्य घातलं की पट्टी कधी सैल पडायची, कधी नाही. शेवटी कारण सापडलं. पट्टी तयार करताना आतलं अस्तर घासलं गेलं असेल तर ती सैल पडत नव्हती. अस्तर शाबूत असेल तरच पडत होती. म्हणजे ‘सैल हो’ हा निरोप अस्तरच देत होतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू, हे पुढे काही वर्षांत उलगडलं. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना त्यासाठीच मिळालं.

हे अस्तर नीट काम करत असलं की वाहिनी गरजेप्रमाणे रुंद होते, रक्त गोठून चिकटत नाही, भिंतीत चरबी सहजासहजी शिरत नाही. ते आजारलं की वाहिनी उन्हात पडलेल्या रबरी पाइपासारखी ताठर होत जाते आणि बीपीचा आकडा चढतो. अस्तर कशाने आजारतं याची यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: तंबाखू, वाढलेली साखर, मीठ, बैठं काम, वय. बायकांच्या बाबतीत आणखी एक. पाळी जायच्या आधी इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइडला हात देत असतं. पाळी गेली की तो आधार जातो आणि बायकांच्या रक्तवाहिन्या झपाट्याने ताठर होऊ लागतात. पन्नाशीनंतर आमच्या गावातल्या बायका ‘डोकं जड झालंय’, ‘जिना चढला की धाप लागते’ असं म्हणू लागतात, आणि घरातले म्हणतात वयामानाने होतंय.

हे अस्तर कसं आहे ते मोजायची एक फार सुंदर पद्धत आहे. दंडातल्या रोहिणीवर सोनोग्राफीचं यंत्र धरून तिची रुंदी मोजतात. मग मनगटाकडच्या बाजूला, कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात. पट्टा सोडला की रक्त धावत सुटतं, त्या लोंढ्याचा भिंतीला स्पर्श होतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि रोहिणी रुंदावते. किती टक्के रुंदावली, तो अस्तराच्या तब्येतीचा आकडा. सुई नाही, औषध नाही. पाच मिनिटं हात बधिर होतो, एवढंच.

याच मोजमापाने इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात व्हेची परीक्षा झाली. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. बीपी किंचित वाढलेली किंवा थोडं अधिक वाढलेली माणसं घेतली होती. ३८ जणांनी प्रयोग पुरा केला. प्रत्येकाने आठ आठवडे व्हे, आठ आठवडे केसीन आणि आठ आठवडे माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरेसारखी एक पावडर, असं आलटून पालटून घेतलं. मात्रा २८ ग्रॅम, दिवसातून दोनदा. आपण काय पितोय हे पिणाऱ्याला माहीत नव्हतं. चोवीस तासांच्या यंत्राने बीपी मोजलं. माल्टोडेक्स्ट्रिनच्या तुलनेत व्हेने वरचं बीपी ३.९ ने आणि खालचं २.५ ने उतरलं. रोहिणीचं रुंदावणंही सुधारलं, आणि ते केसीननेसुद्धा सुधारलं, थोडं कमी.

चार अंकांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. आपल्या एकट्याच्या बाबतीत चार अंक कळतही नाहीत, सकाळी आणि संध्याकाळी मोजलं तरी तेवढा फरक पडतो. पण बीपीच्या औषधांच्या चाचण्यांची एक मोठी बेरीज २०२१ साली झाली. सुमारे साडेतीन लाख माणसांच्या नोंदी त्यात होत्या. वरचं बीपी पाच अंकांनी उतरलं तर हार्ट अटॅक, पक्षाघात असल्या मोठ्या घटना दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतात, असं त्यातून निघालं. ते औषधांचं गणित आहे, खाण्याचं नव्हे. तरी चार अंकांना हसायचं कारण नाही, हे त्यावरून कळतं.

बीपी उतरण्याचं एक कारण प्रयोगशाळेत दिसतं. व्हे पचताना त्याचे बारीक तुकडे पडतात आणि त्यांतले काही एसीई नावाच्या एन्झाइमला अडवतात. हे एन्झाइम वाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या, ज्या आमच्याकडे कितीतरी घरांत देवाच्या कोनाड्याशेजारी ठेवलेल्या असतात, त्याच एन्झाइमला अडवतात. पण गोळीची ताकद आणि दुधातल्या तुकड्याची ताकद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून कुणीही पावडरीच्या भरवशावर गोळी सोडू नये. आमच्या गल्लीत एका घरात तसं झालं, आणि त्या माणसाला रात्रीतून बेळगावला न्यावं लागलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन गोष्टींकडे येते.

पहिली, मात्रा. गायीच्या लिटरभर दुधात व्हे प्रथिनं सहा-साडेसहा ग्रॅम असतात. रेडिंगच्या प्रयोगातली रोजची ५६ ग्रॅम दुधातूनच घ्यायची म्हटलं तर आठ-नऊ लिटर दूध प्यावं लागेल. पहिलवानही पिणार नाही. तेव्हा ‘आमच्या म्हशीचं दूध पितो, आम्हाला काय गरज’ हे म्हणणं त्या प्रयोगाच्या आकड्यांवर टिकत नाही. दूध चांगलंच आहे, पण एका पेल्यातून व्हे मिळतं ते दीडेक ग्रॅम. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर घरगुती खाण्याच्या प्रेमापोटी आपण खोटं बोलू.

दुसरी, तुलना कशाशी झाली. व्हे जिंकलं ते माल्टोडेक्स्ट्रिनविरुद्ध. म्हणजे तेवढेच उष्मांक पिठूळ साखरेतून न घेता प्रथिनांतून घेतले, तर वाहिन्यांना बरं वाटलं. आणि केसीनमध्येही रोहिणी सुधारलीच. मला यातून व्हेच्या थोरवीपेक्षा आपल्या ताटाची गोष्ट जास्त दिसते. आपल्या ताटात पीठ आणि भात किती, आणि प्रथिनं किती?

माझ्या आईचं ताट सांगते. आमचं माहेर खानापूर तालुक्यात, भाताचा मुलूख. सकाळी गोड चहा आणि त्यात बुडवायला दोन बटर. दहाच्या सुमाराला कधी पोहे, कधी कालच्या भाताचा फोडणीचा भात. दुपारी सगळे जेवून उठले की ती बसते. एक भाकरी, भाताचा ढीग, पातळ आमटी, कारण घट्ट वरच्यावर वाढून झालेली असते, आणि ताक. ताकात ती चिमूटभर म्हणून जे मीठ घालते ती तिच्या तीन बोटांची चिमूट असते. वर तळलेली सांडगी मिरची, तीही मिठातली. पावसाळ्यात सुकं मासं. चार वाजता परत चहा-बटर. रात्री आमटी-भात. अंडं घरात येतं, ते पोरांसाठी. कोंबडी शिजली तर तिच्या ताटात रस्सा आणि मान.

तिच्या वजनाच्या बाईला दिवसाला चाळीसेक ग्रॅम प्रथिनं लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे, वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. मी एकदा शेजारी बसून तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशोब मांडला. भाकरी, भात, आमटी, ताक सगळं धरलं तरी चाळिशीला टेकेना. आणि जे होतं तेही बहुतेक धान्यातलं. त्याच घरात, त्याच फळीवर, भाच्याचा डबा. तो दिवसाला तीन स्कूप घेतो, वर चार अंडी, वर कोंबडी. त्याचं बीपी ११६ बाय ७४. आईचं १४८ बाय ९२, गोळी चालू असताना.

भाचा गुणी पोरगा आहे. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने लगेच विचारलं, ‘आत्ती, मग आजीला चालतंय काय हे?’ आई आतूनच म्हणाली, ‘मला कशाला गं ते? पोराच्या अंगाला लागू दे.’ हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकलंय, काकीच्या तोंडून ऐकलंय. यात माया आहे, ती खरी आहे. पण ह्याच मायेने आमच्या बायकांच्या रक्तवाहिन्या झिजवल्या, असं मला आता स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

पोराच्या अंगाला तरी ते सगळं लागतं का? २०१० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात तरुण मुला-मुलींना सहा आठवडे व्हेचं पेय देऊन पाहिलं. ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांचं उतरलं. ज्यांचं नीट होतं, त्यांच्यात फरक नाही. म्हणजे तरुण असणं-नसणं हा मुद्दाच नव्हता, बीपी चढलेलं आहे की नाही, हा होता. त्यामुळे जिममध्ये जाणाऱ्या पोराने पावडरीआधी बीपी मोजून घ्यावं. विशीतही ते चढलेलं निघतं, आमच्या ओळखीत निघालंय.

आणि अतिरेकाची बाजू आहेच. व्हेची कीर्ती ज्याच्यावर उभी आहे तो ल्युसिन नावाचा घटक स्नायूंना वाढीचा हुकूम देतो. २०२४ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या बाबक रझानी यांच्या गटाने ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये एक अभ्यास मांडला. दिवसाच्या उष्मांकांपैकी २२ टक्क्यांहून जास्त प्रथिनांतून आले, तर तोच ल्युसिन रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींना चेतवतो, आणि चरबीचे थर साचायला मदत होते. उंदरांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या छोट्या चाचण्या, असा तो पुरावा आहे. त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण तीन स्कूप, चार अंडी आणि कोंबडी एकाच दिवसात घेणाऱ्याने तो कानाआड टाकू नये. जी गोष्ट रिकाम्या ताटाला आधार देते, तीच भरल्या ताटावर आणखी ओतली तर भार होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनातही, अंग कमवायला म्हणून प्रोटीन पावडरी टाळा, असंच म्हटलंय.

डब्यावर लिहिलेलं डब्यात असतंच असंही नाही. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास ७० टक्क्यांमध्ये प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींमध्ये बुरशीचं विषही सापडलं. ओळखीच्या पोराकडून ‘स्वस्तात आणून देतो’ म्हणून येणारे डबे मी घरात घेऊ देत नाही.

आता निपाणीचं बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या टोकाला तंबाखूचं राज्य आहे. १९८१ साली तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्ता अडवला, त्या आंदोलनाच्या गोष्टी अजून घराघरांत सांगतात. त्या पिकावर पोरांची शिक्षणं झाली, विड्या वळून कितीतरी बायकांनी संसार ओढले. हे सगळं मला मान्य आहे आणि त्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण रक्तवाहिनीच्या अस्तराला तंबाखूइतका शत्रू नाही. धूर नायट्रिक ऑक्साइडचा निरोप मधेच मारून टाकतो. आणि आमच्याकडच्या बायका ओढत नाहीत, त्या मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, भांडी झाल्यावर, डोकं दुखलं तर. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, छाती धडधडते, वाहिन्या आवळतात, बीपी चढतं. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ बायका नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत, कारण मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत. गोळी वाढते, बीपी उतरत नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरने, कानडी बोलणाऱ्याने आणि मराठी बोलणाऱ्यानेही, मिश्री असं नाव घेऊन विचारायला हवं.

आईचं काय केलं ते सांगते, सल्ला म्हणून नव्हे.

आधी डॉक्टरांकडून क्रिएटिनिन तपासून घेतलं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर प्रथिनं वाढवणं उलट अंगाशी येतं, आणि वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांचं ते थकलेलं असू शकतं. आईचं नीट निघालं. मग मीठ. वहिनीने भाताच्या पाण्यात मीठ घालायचं बंद केलं आणि सांडगी मिरची सणापुरती ठेवली. ताक बिनमिठाचं, त्यात जिरं आणि ठेचलेलं आलं. पहिले काही दिवस आईने तोंड वाकडं केलं, मग जिभेला सवय झाली. चार वाजताचा बटर गेला, त्याजागी भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी किंवा एक उकडलेलं अंडं. अंड्यावरून पुष्कळ झालं. ती नातवाच्या वाटणीचं अंडं खायला तयार नव्हती. शेवटी तोच पोरगा ताटात वाढून समोर बसून राहायला लागला.

पावडर? तीही घेते, अर्धा स्कूप, बिनसाखरेची, सकाळच्या दुधात, डॉक्टरांना विचारून. वय झालेल्या माणसाचं तोंड लहान होतं, एवढी उसळ चावून होत नाही, तिथे पावडर कामाची आहे, हे मी मोकळेपणाने मानते. शिवाय व्हे पोटात आधी गेलं की नंतरच्या भाताची साखर रक्तात हळू चढते, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि आमच्यासारख्या भातखाऊ लोकांना त्याचा उपयोग आहे. पण अर्ध्या स्कूपने बीपी उतरलं असं मी म्हणणार नाही. मीठ कमी झालं, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालणं सुरू झालं, गोळीची वेळ ठरली, हे सगळं एकदमच झालं. आकडा आता १३० च्या घरात असतो. त्यातलं व्हेचं श्रेय किती, ते वेगळं काढता येणार नाही, आणि काढायची मला गरजही वाटत नाही.

वहिनी आता आईबरोबरच पानावर बसते. दोघी आधी नाही, पण शेवटीही नाही, पोरांच्या पंक्तीलाच. घट्ट आमटी त्यांच्याही वाटीत येते. दादाला सुरुवातीला अवघड गेलं, स्वतःच्या हाताने भात वाढून घ्यायची सवय नव्हती. आता घेतो. वहिनीचीही पाळी जायचं वय जवळ आलंय, तिचं बीपी १२८ बाय ८४ निघालं. रेडिंगच्या प्रयोगात घेतली होती तसलीच ती. म्हणजे जे काही करायचं ते करायची वेळ तिच्या बाबतीत हीच आहे, आईच्या बाबतीत ती वीस वर्षांपूर्वी होती, आणि तेव्हा कुणी मोजलंच नाही.

मिश्री सुटलेली नाही. डबी मी दोनदा फेकली, ती शेजारच्या काकींकडून नवी घेऊन आली. आता सकाळची आणि रात्रीची तेवढी राहिलीय, मधल्या वेळेला वहिनी तिच्या हातात बडीशेप देते. यावरून आमचं भांडण चालू आहे, ती मला ‘मोठी डॉक्टरीण आलीस’ म्हणते, आणि मी पुढच्या खेपेला पुन्हा तेच बोलणार आहे.